अकरा नंबरचं घर आणि भैरू लोमटे

आमच्या सोसायटीत एकूण अठरा घरं. चिंचवड स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर, एकाला एक लागून, पुढे ओटा, मागे मोरी, वर दोन खोल्या. चाळीस वर्षांपूर्वी कंपन्यांतल्या कामगारांनी वर्गणी काढून ती बांधली. आज तेच कामगार आणि त्यांची पोरं अशा रुबाबात वावरतात, की चिंचवड यांच्या आजोबांनीच वसवलं असावं. मीही त्यातलाच. एका कंपनीच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं नटबोल्ट मोजले आणि निवृत्त झाल्यावर, दुसरं कोणी तयार होईना म्हणून, सोसायटीचा सेक्रेटरी झालो. भैरू लोमटेची हकीगत मी सांगतोय, कारण त्याचं जे वाटोळं झालं त्यात मीही होतो आणि सोसायटीत दुसरं कोणी हे बोलणार नाही.

भैरू अंबाजोगाईकडचा. एकोणिसाव्या वर्षी भोसरीत आला, एका खोलीत नऊ जणांत झोपला आणि प्रेसशॉपला लागला. पत्रा मशीनमध्ये सरकवायचा, हात मागे घ्यायचा, मशीन खाली येतं, भाग कापला जातो, की पुन्हा पत्रा. दिवसभर हेच. बाप वारल्यावर त्याने आईला आणि धाकट्या भावाला, ज्ञानेशला, इकडे आणलं. ज्ञानेशला इंजिनियर करायचं म्हणून तो डबल शिफ्ट मारायचा. अशाच एका डबल शिफ्टला, चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये, हात मागे घ्यायच्या आत मशीन खाली आलं. हात मध्ये आला तर मशीन थांबवणारा सेन्सर असतो. सुपरवायझरने तो बंद करून ठेवला होता, कारण तो चालू असला की माल कमी निघतो. भैरूचा डावा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली.

भरपाई मिळायला पाच वर्षं लागली. त्या रकमेला लोमट्यांच्या घरात ‘हाताचे पैसे’ म्हणायचे. आई कौशल्याबाई ते शब्द इतक्या सहज बोलायच्या, की ऐकणाऱ्यालाच कसंतरी व्हावं. त्या पैशांचं काय करायचं हे भैरूच्या मनात पक्कं होतं. त्याला घर घ्यायचं होतं, आणि घर घ्यायचं होतं ते लग्नासाठी. चाळिशी जवळ आली होती. एका मध्यस्थाने त्याला तोंडावर सांगितलं होतं, की हात असा असला तर एखादीला चालून जाईल, पण स्वतःच्या नावावर घर नसलं तर आजकाल कोणालाच चालत नाही. ते त्याने मनावर घेतलं.

तेव्हा तो चिंचवडमध्येच एका पॅकिंगच्या कारखान्यात होता आणि रोज आमच्या गेटावरून सायकलने जायचा. अकरा नंबरच्या अण्णासाहेबांना घर विकून मुलाकडे नाशिकला जायचं आहे, हे त्याने पानवाल्याकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला. अण्णासाहेबांना वाटलं, टाकी धुणारा आलाय. त्यांनी त्याला मागच्या दाराने यायला सांगितलं, आणि हा खरोखर मागच्या दाराने आला आणि घराची किंमत विचारायला लागला. दोन आठवडे घासाघीस करून व्यवहार त्याने ठरवला, बयाणा त्याने दिला. निम्मी किंमत हाताच्या पैशांतून आणि उरलेल्याला ज्ञानेशच्या नावाने बँकेचं कर्ज, असा हिशेब बसला. घर दोघा भावांच्या नावावर व्हायचं होतं. भैरू मला म्हणाला होता, “पाटीवर माझं नाव वर घ्या काका, मी थोरला हाय.”

इथे अंगठ्याचा विषय येतो. अपघाताआधीपासूनच भैरूच्या बोटांवरच्या रेषा पत्र्याने आणि मशीनच्या तेलाने घासून गेल्या होत्या. पॅकिंगच्या कारखान्यात हजेरीला अंगठ्याचं मशीन आलं, तेव्हा त्याचा उजवा अंगठा ते घेईना. आणि डावा तर नव्हताच. अकरा दिवस कामावर असूनही त्याची गैरहजेरी लागली, पगार कापला गेला, आणि ठेकेदार वर म्हणाला, की मशीन खोटं बोलत नाही. तेव्हापासून भैरूने त्या मशीनचा धसका घेतला. रेशन दुकानातही तो आईला पुढे करायचा.

ज्ञानेशने हे बरोबर हेरलं होतं. खरेदीखताच्या आदल्या दिवशी त्याने थोरल्याला समजावलं, की रजिस्टर करताना सरकारला डावाच अंगठा लागतो, तो नसेल तर दस्त अडकतो, दस्त अडकला की बयाणा बुडतो. सध्या एकट्याच्या नावावर करू, तुझं नाव मागाहून लावू. भैरूला ते लगेच पटलं. जन्मभर ज्याला मशीनने छळलं, त्याला मशीनचं भय घालायला कितीसं डोकं लागतं?

खरेदीच्या दिवशी रजिस्टर कचेरीत मीही होतो. अण्णासाहेबांची ओळख पटवायला मला नेलं होतं. आत आम्ही सगळे, आणि भैरू बाहेरच्या बाकावर पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसलेला. मी ज्ञानेशला विचारलं, मोठ्या भावाचं नाव नाही का? तो हसून म्हणाला, त्यांचं काय काका, एकटा जीव. मी पुढे काही विचारलं नाही. बाहेर आलो तर भैरूने पेढा पुढे केला आणि स्वतःच सांगितलं, “माझा अंगठा चालत न्हाई ना, म्हनून ग्यानूच्या नावावर केलं. मागून लावनार हाय माझं.” मी पंधरावीस दस्तांना साक्षीला उभा राहिलेला माणूस. अंगठा नसलेले, हात थरथरणारे, लकवा झालेले, सगळ्यांचे दस्त झालेले मी पाहिले होते. भैरूला तेवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी पेढा खाल्ला आणि अभिनंदन केलं. दोन भावांच्या मामल्यात आपण कशाला पडा, असं तेव्हा मला वाटलं. आता वाटतं, ज्ञानेश इंजिनियर, सुटाबुटातला, सोसायटीला शोभणारा, आणि भैरू टाकी धुणाऱ्यासारखा दिसणारा. मला आत कोण हवं होतं हे उघड होतं.

पाटी लागली ती ‘ज्ञानेश लोमटे, बी. ई.’ अशी. भैरूला आधी खालची खोली मिळाली. ज्ञानेशचं लग्न झालं, मुलगी झाली, तशी ती खोली गेली आणि भैरूचं अंथरूण जिन्याखाली आलं. ज्ञानेशची बायको स्वरूपा पाहुणे आले की त्याला ‘भावजी, जरा दूध आणता का’ म्हणून बाहेर पाठवायची, आणि दूध फ्रिजमध्ये असायचं. सोसायटीतलेही काही कमी नव्हते. पंप बिघडला, गटार तुंबलं, कोणाच्या अंगणात साप निघाला, की भैरूला हाक. कामापुरता मामा. गणपतीच्या वर्गणीत ज्ञानेशचं नाव, सत्यनारायणाला ज्ञानेशला आमंत्रण. भैरू मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ‘आपलं घर’ म्हणायचा, सुट्टीच्या दिवशी ओटा धुवायचा आणि दर वर्षी घरपट्टी रांगेत उभा राहून भरून यायचा. पावतीवर नाव कोणाचं आहे हे त्याला वाचता येत होतं. पण मागून लावायचं ठरलंय म्हटल्यावर त्याला घाई नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मोशीचं स्थळ आलं. उत्कर्षा नावाची विधवा बाई, अंगणवाडीत काम करणारी. दोघं मोशीच्या एका देवळात भेटली, तासभर बोलली. त्यानंतर आठ दिवस भैरू शीळ घालत पंप दुरुस्त करत होता. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे बाईचा भाऊ रणजीत चौकशीला आला, आणि चौकशी करायची तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. त्याने एकच विचारलं, घर कोणाच्या नावावर आहे? मी कपाटातून रजिस्टर काढून दाखवलं. खोटं कसं बोलणार, असं मी मनाशी म्हटलं. इतक्या वर्षांत मला खरं बोलायची हुक्की नेमकी त्या दिवशी आली. रणजीत म्हणाला, बहिणीचा पहिला नवराही भावाच्या घरात राहायचा, तो गेल्यावर तिला दिराने महिन्यात बाहेर काढली. पुन्हा तेच नको. स्थळ मोडलं. कौशल्याबाईंनी भैरूला सांगितलं, की हात बघून नको म्हणाले. त्याने शीळ घालणं सोडलं.

गेल्या डिसेंबरात मी माझ्या मुलीसाठी, इंद्रायणीसाठी, रावेतला फ्लॅट घेतला. ओळख पटवायला दोन माणसं लागतात. त्यातल्या एकाने ऐनवेळी दगा दिला, आणि भैरू दुसऱ्या पाळीला जायचा म्हणून सकाळी घरी होता. मी त्याला स्कूटरवर बसवून कचेरीत नेलं. यात काही घडेल हे माझ्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या बाबतीत मी काय केलं होतं, ते मी साफ विसरून गेलो होतो.

कारकुनाने वर न बघताच डावा अंगठा मागितला. भैरूने हात पुढे केला. कारकुनाने एकदा पाहिलं आणि उजवा मागितला. मशीनने घेतला नाही. त्याने ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवायला लावला, मग मधलं बोट घेतलं. मशीन वाजलं. पुढचा, म्हणाला तो.

भैरू उठला नाही. “साहेब, घर घेनाराचंबी असंच घेता का?”

“सगळ्यांचं सारखंच. दोन्ही हात नसलेली माणसं येतात इथे. चला, पुढचा.”

काम आटोपून आम्ही परतलो. सोसायटीच्या गेटाशी उतरल्यावर भैरू म्हणाला, “काका, त्या दिशी तुमी आत व्हता की.”

मी म्हटलं, होतो.

“चला मंग घरी. तुमच्यासमोर बोलतो.”

मला पळ काढायचा होता, पण माझे पाय त्याच्यामागून गेले. ज्ञानेश त्या दिवशी घरूनच काम करत होता. भैरूने आवाज चढवला नाही. दस्त असाही होतो, हे आज कळलं, तर आता माझं नाव लाव, एवढंच बोलला. ज्ञानेशने लॅपटॉप मिटला. तो नाकबूल गेला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. हप्ते मी भरतोय, कर्ज माझ्या डोक्यावर आहे, दादा तू प्रॅक्टिकल विचार कर, तुला कोणी घराबाहेर काढलंय का, असं तो शांतपणे बोलत राहिला. आयत्या बिळावर बसलेला नागोबासुद्धा फूत्कार तरी टाकतो. हा समजूत घालत होता.

भैरूने आईकडे पाहिलं. कौशल्याबाई पलंगावर लसूण सोलत होत्या. त्यांनी सोलणं थांबवलं नाही.

“त्याला काय इचारतोस? मीच सांगितलं त्याला तसं. तुजं नाव लावलं असतं आन् उद्या कुनी बाई आनली असतीस, तर अर्धं घर तिच्या घशात गेलं असतं. तुजा हात गेला तो गेला, त्या पैशाचं घर तरी घरात ऱ्हावं. मला ह्याचा संसार बघायचा व्हता.”

स्वरूपा आत निघून गेली. भैरूने आईच्या दुपारच्या गोळ्या डबीतून काढून पलंगाच्या कडेला ठेवल्या, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि बाहेर आला. मी मागोमाग आलो. मला वाटलं, तो मला आता शिव्या घालेल. खरं तर मला त्या हव्या होत्या.

“काका, मोशीचे पावने तुमच्याकडं आलते ना? हाताचं काय म्हनले?”

आता खोटं बोलावं, असं मला फार वाटलं. पण त्याला खोटं सांगणारे घरात होतेच.

“हाताचं त्यांना आधीच माहीत होतं. त्यांची हरकत नव्हती. उत्कर्षाचीही नव्हती. घर कोणाच्या नावावर आहे, एवढंच विचारलं त्यांनी.”

तो ओट्यावर बसला. त्याच ओट्यावर, जो तो दर सुट्टीला धुवायचा. त्याने विचारलं, ती आता कुठे आहे. मला माहीत होतं. मागच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं होतं, मोशीतल्याच एका रिक्षावाल्याशी. मी ते सांगितलं. त्याने मान हलवली, उजव्या हाताने चेहरा पुसला आणि पाळीची वेळ झाली म्हणून सायकल काढली. तो गेला तो परत आला नाही. भोसरीत कुठल्याशा खोलीत राहतो म्हणतात.

आठव्या दिवशी ज्ञानेश माझ्याकडे आला. मला वाटलं, भावाची चौकशी करायला आला असेल. त्याने टाइप केलेला अर्ज पुढे ठेवला. जिन्याखालची जागा रिकामी झाली आहे, तिथे चप्पल-बुटांचं कपाट बांधायचं आहे, भिंतीला थोडं काम निघेल, तरी सोसायटीने ना हरकत द्यावी. कागदात काही चूक नव्हती. मी शिक्का मारला.