हातात फुलं असेपर्यंत

हिंदी मुलखातल्या माधव नगरच्या आमच्या मराठी मंडळात वक्त्याला आधी शाल-श्रीफळ देतात आणि मग बोलू देत नाहीत. यंदा गणपतीत ही पाळी सुलभाताईंवर आली.

ताई मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून रिटायर झाल्या. उन्हाळ्यात लोक थंड हवेला जातात; या बाई वर्षानुवर्षं कोकणातल्या खारणे नावाच्या लहानशा बंदरावर जाऊन घाम गाळत राहिल्या. सतराव्या शतकात तिथून मिरी, सुपारी, कापड जायचं. आणि मोठ्या दुष्काळात माणसंही गेली. खायला नाही म्हणून आईबापांनी विकलेली पोरं त्या धक्क्यावरून गलबतांत चढवली. एकाचंही नाव उरलं नाही. निदान एकदा हे चार लोकांत सांगावं, एवढीच ताईंची इच्छा होती.

आमचा अध्यक्ष श्रीकांत मूळचा तिथलाच. पूर्वज बंदराचे कारभारी होते, हे तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवतो. भाषण आधी वाचायला मागून त्याने पोरांचा भाग काढायला लावला.

"काकू, सणासुदीत फालतूमध्ये माहौल खराब होईल," म्हणाला. जहाजं सांगा, वैभव सांगा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वैभव तेवढं आपलं, आणि कारभाऱ्यांच्या डोळ्यांदेखत विकली गेलेली पोरं कुणाची?

कार्यक्रमाच्या दिवशी सत्कार मुद्दाम लांबवला. ताईंना शाल म्हणून इथल्याच भेरूगढची छापील चादर पांघरवली, फोटो निघाले. त्या बोलायला लागतात न लागतात तोच श्रीकांतने आरतीची घंटा वाजवली. निर्लज्जपणाला काही सीमा असते की नाही?

आरती झाली. मंत्रपुष्पांजलीची फुलं वाटली गेली. ती वाहिल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही, आणि मंत्राची सुरुवात वयाने मोठ्या माणसाने करायची, हा आमचा रिवाज. माइक ताईंच्या हातात आला.

"फुलं हातात आहेत तोवर ऐका," त्या म्हणाल्या, आणि दुष्काळ, धक्का, पोरं, सगळं सांगितलं. आवाज जरासुद्धा चढला नाही. "त्या पोरांना कुणी फूल वाहिलं नाही. आज यातलं एक त्यांच्यासाठी वाहा."

मग त्यांनी मंत्र सुरू केला. लोकांनी एकेक करून फुलं वाहिली. काहींनी डोळे पुसले.

प्रसादाचं ताट माझ्याकडे होतं. श्रीकांतने हात पुढे केला, तर मुठीत फुलं तशीच.

"आधी ती वाहून ये," मी म्हटलं, आणि ताट मागे घेतलं.