छत्तीसच्या रोलवर एक्कावन्न फोटो

आमच्या घरी एक कॅमेरा होता आणि तो उत्तम चालत होता, हीच माझी मुख्य अडचण होती.

तो डबा कॅमेरा होता. नावाप्रमाणे डबाच. काळा, चौकोनी, वरून बघायला एक काच आणि बाजूला एक खटका. पोटाशी धरायचा, मान खाली घालून काचेत बघायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. एका रोलवर बारा फोटो. ऊन असलं तर फोटो येणार, नसलं तर नाही येणार. माणसाच्या अकलेला त्यात कुठे जागाच नव्हती. सहा-सात वर्षांत त्यानं एकदाही दगा दिला नाही. आता जी वस्तू मोडत नाही, बिघडत नाही, तिच्या जागी नवी घ्यायची तरी कशी? मी तो दोनदा मुद्दाम खाटेच्या अगदी कडेला ठेवून पाहिला. दोन्ही वेळा सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो पडायच्या आत उचलून कपाटात ठेवला.

नवीन कॅमेऱ्याचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते आमच्या कचेरीतल्या अंभोरेंनी. मी तेव्हा नागपुरात पाटबंधारे खात्यात कारकून होतो. अंभोरे माझ्या शेजारच्या टेबलावर. त्यांच्या साळ्यानं बाहेरदेशातून एक जपानी कॅमेरा आणला होता आणि आता तो विकायचा होता. एके दिवशी डब्यातली पोळीभाजी आटोपल्यावर अंभोरेंनी तो पिशवीतून काढून माझ्या हातात ठेवला.

पहिल्यांदा जाणवलं ते वजन. मग मी डोळा लावला. समोर नुसतं धुकं. अंभोरे म्हणाले, समोरचं कडं फिरवा. मी फिरवलं, आणि त्या धुक्यातून आमच्या कचेरीच्या आवारातलं कडुनिंबाचं झाड हळूहळू वर आलं. एकेक पान वेगळं. पानाच्या कडेचे दाते वेगळे. एका फांदीवर मुंगळा चालला होता, त्याचे पाय दिसत होते. बारा वर्षं मी त्या खिडकीशी बसत होतो, आणि ते झाड मी पहिल्यांदा बघत होतो. मग अंभोरेंनी त्यावर दुसरं, हातभर वाटावं असं लांबचं भिंग चढवलं. त्यातून रस्त्यापलीकडचा पानठेला एकदम माझ्या नाकासमोर आला, आणि ठेल्यावर पान लावून घेत असलेले आमचे मोठे साहेबही. (साहेब त्या दिवशी आजारपणाच्या रजेवर होते.)

"एसएलआर म्हणतात याले," अंभोरे म्हणाले. "डोयाले जे दिसते, तेच फोटोत येते."

या एका वाक्यानं माझा घात केला. पंधरा दिवस वापरून बघा, मग घ्यायचा की नाही ते सांगा, असं म्हणून त्यांनी तो मला घरी नेऊ दिला.

सुमननं डोळा लावला, कडं फिरवलं, स्वतःच्या बांगडीवरची नक्षी बराच वेळ निरखली आणि छान आहे म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण आपल्या डब्याले काय झालं?"

मी तिला समजावलं की डब्यात काहीच कमीजास्त करता येत नाही. यात उजेड किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, कशावर नजर ठेवायची, सगळं आपल्या हातात असतं.

"म्हणजे चुकाच्या जागा वाढल्या," ती म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकायला निघून गेली.

तेव्हा मी ठरवलं की वाद घालण्यात अर्थ नाही, पुरावाच द्यावा. पुढच्याच आठवड्यात काटोलला माझ्या मामेबहिणीचं, शालूचं लग्न होतं. मामांची तिथे छोटीशी संत्र्याची बाग. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, शालू एकुलती एक. मामांनी गावातला फोटोग्राफर सांगून ठेवला होता. मी लगेच पत्र टाकलं: त्याला नको म्हणून सांगा, मी नवा कॅमेरा घेऊन येतोय, असे फोटो काटोलात कुणी पाहिले नसतील. (हे पुढे शब्दशः खरं ठरलं.) मामांनी उलट टपाली कळवलं की घरचा माणूस असल्यावर बाहेरचा कशाला, त्याला नाही म्हणून सांगितलं आहे.

लग्नाच्या दिवशी पहाटे उठून मी रोल भरला. डब्यात रोल सुमनच भरत असे, पण या कॅमेऱ्याला मी तिला हात लावू दिला नाही. फिल्मची शेपटी खाचेत घातली, झाकण लावलं, रोल पुढे सरकवायचा खटका ओढला, आकडा एकवर आला. छत्तीस फोटोंचा रोल. डब्याचे तीन रोल एकात! निघताना सुमननं आपला डबाही पिशवीत टाकला. मी हसून बघितलं, तर म्हणाली, असू द्या.

काटोलच्या बसमध्ये गर्दी होती. पण कंडक्टरनं माझ्या गळ्यातला कॅमेरा बघितला, त्यावरचं लांब भिंग बघितलं आणि मला पुढची जागा करून दिली. कोणत्या पेपरचे, असं त्यानं अदबीनं विचारलं. मी नाही म्हणालो नाही. सुमन पिशवी घेऊन काटोलपर्यंत उभी होती.

मांडव बागेतच घातला होता. पांढऱ्या साडीतली शालू, पांढऱ्या कपड्यातलं गणगोत आणि चारही बाजूंनी संत्र्यांनी लगडलेली झाडं. मी कामाला लागलो. नवरदेवाच्या स्वागताचे काढले, पाहुण्यांचे काढले. एका कोनासाठी जमिनीवर पालथा पडलो, एका कोनासाठी पाण्याच्या टाकीवर चढलो. टाकीवरून उतरलो तर खाली रांग लागलेली. प्रत्येकाला एकदा डोळा लावून बघायचं होतं. एका आत्याबाईंनी लांबच्या भिंगातून वरपक्षाची सगळी बाईमाणसं तपासली आणि कुणाच्या गळ्यात काय आहे ते मागे उभ्या असलेल्यांना मोठ्यानं सांगितलं. मोठ्या मुश्किलीनं मी कॅमेरा सोडवून घेतला.

तेवढ्यात त्रिशरण-पंचशील सुरू झालं. मामा मांडवाच्या पार मागे, पाहुण्यांच्या पाठीशी उभे होते. त्यांना लांबचं फार कमी दिसायचं, जवळचंही अंधुकच. चष्मा होता, पण तो लावला की डोकं दुखतं म्हणून खुंटीला. माणसं ते आवाजावरून ओळखत. मी जवळून जाताना त्यांनी माझा दंड धरला.

"पाहू दे गा मलेबी."

मी पट्टा गळ्यातून काढून त्यांच्या गळ्यात घातला. त्यांनी डोळा लावला. मी मागून हात घालून कडं फिरवत राहिलो, दिसतं का विचारत राहिलो. नाही, नाही म्हणता म्हणता मामा एकदम गप्प झाले. मीही हात थांबवला. पलीकडे शालू आणि नवरदेव उभे राहून प्रतिज्ञा म्हणत होते. मामांचा श्वास मला ऐकू येत होता.

बऱ्याच वेळानं ते कॅमेरा न हलवता म्हणाले, "अरे, हे त आपल्या मायसारखी दिसून राहिली."

मी हो म्हणालो.

"कवापासून?"

दोन-चार वर्षं झाली असतील, म्हणालो. त्यांनी मान हलवली नाही. प्रतिज्ञा संपल्या, हार घातले, लोकांनी फुलं टाकली, मामांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. आणि मी, ज्याच्या भरवशावर फोटोग्राफरला नकार गेला होता तो, पट्ट्याचं टोक धरून त्यांच्या शेजारी उभा. पण मला काळजी नव्हती. नंतर मी नवरानवरीला पुन्हा हार घालायला लावले. पुन्हा फुलं टाकायला लावली. भंतेजींनाही दोन वाक्यं पुन्हा म्हणायची विनंती केली आणि त्यांनी ती शांतपणे मान्य केली.

कॅमेऱ्याचा आकडा छत्तीसच्या थोडा पुढे जाऊन थांबला. खटका मात्र थांबेना. मी ओढला की तो येत होता, दाबला की वाजत होता. मी मनात मोजत राहिलो. चाळीस. पंचेचाळीस. जेवणाच्या पंगतीत पन्नास झाले. सुमन पिशवीतून डबा काढून अधूनमधून काहीतरी टिपत होती; तिची हौस म्हणून मी काही बोललो नव्हतो. ती म्हणाली, "अवो, रोल त छत्तीसचा होता न?"

मी तिला सांगितलं की जपानी माणूस काटकसरी असतो, जागा वाया घालवत नाही. एक्कावन्नावा फोटो मी वऱ्हाडाच्या बसचा काढला. खरं सांगतो, त्या क्षणी त्या यंत्रापुढे मला हात जोडावेसे वाटले.

नागपूरला परतल्यावर दोन्ही रोल सीताबर्डीच्या नेहमीच्या स्टुडिओत दिले. सुमनचं पाकीट आधी तयार झालं. मी ते न उघडता घरी नेऊन टेबलावर टाकलं. माझ्या रोलसाठी तीन दिवसांनी गेलो. स्टुडिओवाल्यानं धुतलेली फिल्म खिडकीपाशी उजेडात धरली. तिच्यातून मला समोरचं सायकलचं दुकान, त्याची पाटी, दुकानदाराच्या मिशा, सगळं अगदी स्वच्छ दिसलं.

"भाऊ, याच्यात काहीच नाही," तो म्हणाला आणि माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यावर त्यानं बोट ठेवलं. "खटका ओढताना इकडचं हे बटन फिरून राह्यलं होतं का?"

"कोणतं बटन?"

डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतात, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं मला खुर्ची दिली आणि समजावलं. रोल सरकला की ते बटन आपोआप फिरतं; इथे शेपटीच खाचेतून सुटली होती. रोल आपल्या डबीत जागच्या जागी बसून होता. मी एक फोटो काढला काय, एक्कावन्न काढले काय, आणि आणखी पाचशे काढले असते तरी काय, तो हलणार नव्हता.

घरी येऊन मी सुमनला सांगितलं. ती हसेल अशी मनाची तयारी केली होती. ती हसली नाही, त्यामुळे जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली की आता काटोलला जावं लागेल. मग टेबलावरचं पाकीट तिनं माझ्या पुढ्यात सरकवलं. ते मी तीन दिवसांत उघडलंही नव्हतं.

रविवारी आम्ही काटोलच्या बसमध्ये बसलो. या खेपेला मी उभा होतो. शालू मांडवपरतणीला माहेरी आली होती, मामा बागेत खाटेवर बसले होते. मी येताना चार वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. एकही फोटो आला नाही, एवढंच म्हणालो. शालूचा चेहरा पडला. तिनं दोन्ही हार मडक्यात पाणी घालून सात दिवस जपले होते, फोटो आले की टाकू म्हणून. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

मामांनी विचारलं, "कॅमेरा बिघडला काय?"

"नाही मामा. कॅमेरा चांगला आहे. मलेच रोल भरता आला नाही."

"आणला हाये काय?"

मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी डोळा लावला, कडं आता स्वतःच फिरवलं आणि बागेच्या पार टोकाला नेम धरला. तिकडे वानरं आली होती. ती मोजून झाल्यावर मामांनी विचारलं, हा कॅमेरा तो माणूस विकणारच आहे ना? मी हो म्हणालो. मग मी घेतो, म्हणाले. निदान एक तरी काम धड करावं म्हणून मी म्हणालो, त्यात रोल कसा भरायचा ते मी शिकून घेतो आणि तुम्हाला दाखवतो.

"रोल काहाले पाहिजे?" मामा म्हणाले. आणि खरंच, पुढे इतकी वर्षं त्यांनी तो वापरला, त्यात एकदाही रोल घातला नाही. घ्यायचा की नाही या माझ्या प्रश्नाचा असा निकाल लागला.

तेवढ्यात सुमननं तिचं पाकीट शालूच्या हातात दिलं. बारा फोटो, चौकोनी, काळे-पांढरे, बाराही स्वच्छ. शालूनं एक फोटो बराच वेळ धरून ठेवला. त्यात मामा होते. चौकटीत एकटेच, मांडवाच्या मागे, डोळ्याला कॅमेरा लावून, आणि कॅमेऱ्याच्या खाली गालावर उन्हात चमकणारी एक ओली रेघ. सुमननं डबा पोटाशी धरून तो कधी टिपला, शेजारीच पट्टा धरून उभ्या असलेल्या मला कळलंही नव्हतं. शालूनं तो पदराआड केला आणि कुणाला परत दिला नाही.

बाकीचे मामांना बघायचे होते. हातात धरून त्यांना धड दिसेनात. मग शालू चार पावलं लांब संत्र्याच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली, एकेक फोटो छातीशी धरून, आणि मामांनी खाटेवरून कॅमेऱ्यात डोळा लावून आपल्या मुलीचं लग्न पुन्हा बघितलं. कडं फिरवायचे, थांबायचे, मान हलवायचे, की शालू पुढचा फोटो धरायची. हाराचा फोटो आला. फुलांचा आला. भंतेजींचा आला. सातव्या फोटोला मामा थांबले. त्यांनी कडं मागे-पुढे फिरवलं, कॅमेरा पुसला, पुन्हा डोळा लावला.

"शालू, जवाई दिसून राह्यले, तू थोडीशी दिसून राह्यली," ते म्हणाले. "पण हा दर फोटोत मधात पाठमोरा उभा हाये, तो कोन?"

शालूनं माझ्याकडे बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "तो आपला फोटोग्राफर."