बांगडीची निशाणी

“हिच्या हातात तर बांगडीच नाही. निशाणी कशाची काढू?” कारकून म्हणाला आणि सगळी चावडी हसली.

आमच्या संस्थानात अडाणी बाईची सही म्हणजे कागदावर बांगडी. कारकूनच टाक दौतीत बुडवून गोल काढायचा. शेजारी लिहायचा, निशाणी बांगडीची. मी विधवा. चौदाव्या वर्षी हात मोकळे झालेले. पण अडाणी नव्हते. सातवी पास होते, त्याच गावात दोन वर्षं मुलींना शिकवत होते. गावाचं नाव घेत नाही, तोंड कडू होतं. सकाळी सकाळी रंडकीचं तोंड बघावं लागतं, अशी तक्रार झाली आणि माझी नोकरी गेली. कागदात मात्र लिहिलं, बाई राजीखुशीने काम सोडते.

“मला सही येते,” मी म्हणाले.

पाटील माझ्याकडे न बघता कारकुनाला म्हणाला, “येत आसंल. हितं बायामाणसं सही करत न्हाईत. काडा वो गोल. बांगडी समजा, न्हाईतर पूज्य समजा.”

कारकुनाने गोल काढला. टाक हिसकावून घेता आला असता. मी घेतला नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. त्यांची नाही, माझीच लाज मला अजून वाटते.

शिवऱ्याला भावाकडे आले. शेण काढलं, दळण दळलं. भावजय येताजाता म्हणायची, “शिकून लई दिवं लावलं.” मलाही तेच वाटायला लागलं होतं.

मग एक दिवस वरच्या वाडीतली सरू रडत आली. तीही विधवा. तिच्या वाटणीची जमीन दिराच्या नावावर चढली होती, तिच्याच संमतीने म्हणे.

“बाई, म्या चावडीची पायरीबी चढले न्हाई. मग माजी बांगडी कागदावर कशी?”

विधवेची बांगडी! माझी टिंगल करायला बांगडी नव्हती, हिची जमीन गिळायला मात्र होती. गोल कुणालाही काढता येतो. म्हणूनच तो आमच्या वाट्याला दिला होता.

दुसऱ्या दिवसापासून सरूला राखेत बोटाने लिहायला शिकवलं. स्वतःचं नाव आलं. नवऱ्याच्या नावापाशी बोट अडलं.

“त्येंचं नाव कसं घिऊ?”

“घेऊ नकोस. लिही.”

मेलेल्या नवऱ्याचं नाव लिहायला तिला आठ दिवस लागले. तिच्यामागून आणखी चौघी आल्या. मग नऊ झाल्या.

शिवऱ्याच्या पाटलाने भावाला बोलावून दम दिला. भाऊ घरी येऊन म्हणाला, “आक्का, ह्यो बायांचा बाजार बंद कर. न्हाईतर दुसरं घर बघ.”

“बघते,” म्हणाले आणि गाठोडं उचललं.

आता सरूच्या गोठ्यात राहते. दिरावर दावा लावला आहे. अर्जावर सही सरूची आहे, वाकडी पण तिची. आम्ही हरूही. हरलो तर वरच्या कचेरीत जाऊ. नोकरी मला परत नको, कुणाची दया तर नकोच. या खोऱ्यात यापुढे कुणीही बाईच्या नावाने खोटा कागद केला, तर मी त्याच्या दारात जाईन आणि त्याच्या लेकीसुनांच्या देखत त्याला चोर म्हणेन.