समोरच्या बाईंची फुगडी

शुगर असो की सासू-सुनेचा अबोला, इकडे माळव्यात, धारला आमच्या समोर राहणाऱ्या बाईंचं औषध एकच, फुगडी. माझ्या मुलीचा टायफॉइड उतरला, वजन भरलं, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी ती ओसरीतल्या खाटेवरून उठेना, बोलेना. मी आपला तिचा ताप मोजत राहिलो.

एका संध्याकाळी बाई आल्या आणि सरळ माझ्याकडे वळल्या.

“भाऊजी, थर्मामीटर साईडला ठेवा, हात द्या.”

“मला बीपी आहे.”

“मग आरामसे घेऊ.”

आराम कसला. अंगण, स्कूटर, बायको, सगळं गरगरू लागलं आणि मला हसू आवरेना.

“बाबा, पाय जुळवा ना,” खाटेवरून आवाज आला.

माझे पाय जुळेनात.

“सरका बाबा, काय लाज आणता,” म्हणत ती उठून आली. तिनं मला बाजूला ढकललं आणि बाईंचे हात धरले.