'लाइक्स' बदललं, हसणं राहिलं

आज वर्गात माझ्याकडून एक चूक झाली. दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मालेगावच्या या शाळेत येऊन मला महिनाच झाला. नववीला फायनाइट आणि नॉन-फायनाइट व्हर्ब शिकवत होते. सोपी युक्ती सांगितली: वाक्य भूतकाळात न्या. बदलेल ते फायनाइट, तसंच राहील ते नॉन-फायनाइट.

कोमलने फळ्यावर स्वतःचं वाक्य लिहिलं होतं. 'माय मदर लाइक्स टू लाफ.' माझ्या आईला हसायला आवडतं.

"छान! आता भूतकाळ कर."

ती खडू धरून तशीच उभी.

"काहून थांबली वं? सोपं तर आहे."

पहिल्या बाकावरची मैत्रीण हळूच म्हणाली, "मॅडम, तिची माय दिवाळीत वारली."

"राहू दे, बस," मी एवढंच म्हटलं. पण कोमलने बोटानेच 'लाइक्स' पुसलं आणि 'लाइक्ड' लिहिलं. मग 'टू लाफ'कडे पाहत विचारलं, "मॅडम, हे तं तसंच राह्यते ना?"

"हो बाई. ते तसंच राह्यते."

घंटा झाली. पुढच्या तासाच्या सरांसाठी फळा पुसायचा होता. मी डस्टर हातात घेऊन उभी राहिले.

तुम्ही पुसला असता का?