मार्थाबाईंच्या खोलीची किल्ली

मार्थाबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि त्यांनी मला चारचौघांत गप्प केलं होतं. आमच्या चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला एक लहान खोली आहे. तिथे दर शनिवारी दुपारी तीन वाजता दृढीकरणाचा वर्ग भरत असे. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवण्याआधी मुलांना आपला विश्वास नीट कळावा, म्हणून हा वर्ग. बाई चादरीच्या कारखान्यातून सुटल्या की थेट तिथे येत. केसांना कापसाचे तंतू तसेच चिकटलेले असत. मी शुभवर्तमानातला उतारा घडाघडा वाचला आणि कुणी विचारलं नसताना अर्थही सांगून टाकला. बाई म्हणाल्या, "वाचलंस झ्याक. आता ओळीवर बोट ठेव आन् ओळीत काय हाय त्ये सांग आदी. तुला काय वाटतं त्ये मागनं सांग की." 

बाईंची शिकवण एवढीच. पाठ केलेली प्रार्थना असो की मनातून आलेली, तोंडातून काय जातंय ते माणसाला कळलं पाहिजे. आमच्या वर्गात एक मुलगा होता. कुठलाही प्रश्न विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं: "देव सगळ्यांवर प्रेम करतो." बाई हसून म्हणत, "ते खरं हाय रे बाबा, पण ह्या ओळीत न्हाय." तो मुलगा आज आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, समितीचा अध्यक्ष आहे आणि मी सचिव. बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी "दोन गोड शब्द" लिहा, असं अध्यक्षांनीच मला सांगितलं. माझ्याकडे गोड शब्द नाहीत. मला संताप आलेला आहे आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

त्या खोलीतल्या फळीवर वर्गाची जुनी प्रार्थनापुस्तकं असत. प्रत्येक मुलाला वर्षभर एक पुस्तक मिळे. दृढीकरणाच्या आदल्या शनिवारी बाई त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर एक प्रश्न लिहायला लावत, ज्याचं उत्तर वर्षभरात सापडलं नाही असा. "उत्तर लिवू नका," त्या म्हणायच्या. "उत्तरं समद्यांकडंच असत्यात. प्रश्न लिवा, पुढच्या पोराला कळू द्या की आपुन एकटं न्हाय." पुढच्या वर्षी ते पुस्तक दुसऱ्याच्या हाती जाई. चाळीस वर्षं हे चाललं होतं.

माझा प्रश्न आईविषयीचा होता. ती त्याच पावसाळ्यात गेली होती. बाईंनी प्रश्न वाचला आणि पुस्तक मिटून ठेवलं.  त्यानंतर महिनाभर कामावर जाताना त्या आमच्या घरी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी ठेवून जात होत्या. एकदा वडील संकोचून नको म्हणाले, तर बाईंनी त्यांनाच झापलं, "तुमी नका खाऊ. पोरांना तर खाऊ द्या की." वडिलांनीही मुकाट्याने खाल्लं.

आता वारशाची गोष्ट. गेल्या वर्षी समितीला वारसा जपायची हुक्की आली. घंटा चिंचेनं घासून लख्ख केली, भिंतीवरच्या गोऱ्या पाद्र्यांच्या संगमरवरी पाट्या धुतल्या, फोटो काढले. त्याच आठवड्यात खोली साफ करायची म्हणून माझ्यासमोर एक यादी आली. तीत लिहिलं होतं: जुनी, फाटकी पुस्तके, तीन पोती. मी सही केली. त्यातल्या एका पुस्तकात माझं स्वतःचं अक्षर होतं, तरी मी एकही पुस्तक उघडून पाहिलं नाही. मेलेल्या साहेबांच्या पाट्या आम्ही जपल्या आणि आमच्याच पोरांचे खरेखुरे प्रश्न रद्दीत घातले!

बाईंना कळलं तेव्हा त्या भर एप्रिलच्या उन्हात सात रस्ता चौकाच्या आसपासची रद्दीची दुकानं पालथी घालत फिरल्या. तिसऱ्या दुकानातला म्हातारा म्हणाला, "अम्मा, सब चले गया. ये एकीच बोरी बची, देख लेव." ती बोरी रिक्षात घालून बाई थेट माझ्या दारात आल्या. मला वाटलं, आता धुलाई होणार. त्यांनी नुसतं एक पुस्तक मागच्या पानावर उघडून माझ्या हातात दिलं. "सचिवबाईंनी ह्ये वाचलं न्हाय वाटतं," एवढंच म्हणाल्या.

पानावर माझं अक्षर होतं: आई बरी व्हावी म्हणून मी रोज मागितलं. ती गेली. मग देवानं ऐकलं का? त्याखाली कुणा दुसऱ्या मुलानं पेन्सिलीनं लिहिलं होतं: मलापण हेच विचारायचं होतं.

मी रडले. पण रडून काय झालं? त्यानंतर समितीनं ठरवलं की बाईंचं आता वय झालं, खोलीत कार्यालय करू, वर्ग तात्पुरता बंद. मी तोही ठराव लिहून घेतला. आठ महिने झाले, तिथे कार्यालयही नाही आणि वर्गही नाही. रद्दीतून वाचलेली पुस्तकं बाईंच्या पलंगाखाली आहेत. दर रविवारी उपासना सुटल्यावर बाई विचारतात, "ह्या शनवारी उघडायची का गं खोली?" आणि मी म्हणते, "बघू बाई, बैठकीत मांडते." एकदाही मांडलेलं नाही. अध्यक्षांची नाराजी नको, म्हणून.

आता शाल, श्रीफळ, मानपत्र आणि हा ग्रंथ. परवा बैठकीत अध्यक्ष भारावून म्हणाले, "बाई म्हणजे आपल्या मंडळीची आई." ते खरं आहे, पण ह्या ओळीत नाही. ओळीत असं आहे की आईला आपण तिच्या खोलीबाहेर काढलं आणि वर कुलूप लावलं. ते कुलूप मी लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

म्हणून बाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, तुमचे गुडघे चालते राहोत आणि बारीक अक्षर वाचणारी तुमची नजर शाबूत राहो. हे मी रीत म्हणून लिहीत नाही, मला तुमची गरज आहे. येत्या शनिवारी तीन वाजता मी ती खोली उघडणार आहे. ठराव झालेला नाही, परवानगी घेतलेली नाही, सचिवपद गेलं तर खुशाल जावो. ज्यांना शाल घालायची असेल त्यांनी तिथे यावं, अध्यक्षांनीही, आणि खाली बसावं. पलंगाखालची बोरी आणायला मी स्वतः रिक्षा घेऊन येते. मग मी पहिल्या बाकावर बसेन, ओळीवर बोट ठेवीन, आणि ओळीत काय आहे तेवढंच आधी सांगेन.