टेशबाईंचा बेकारी भत्ता

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात लोरेन टेश यांना सगळे टेशबाई म्हणत. शाळेतला कोणताही शिक्षक आजारी पडला की बदलीवर टेशबाई हजर, मग तास बीजगणिताचा असो नाहीतर बॅन्डचा. कायमची नोकरी मात्र त्यांना कधी मिळाली नाही. त्यामुळे जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की बाईंच्या कमाईलाही सुट्टी.

यंदा त्यांनी बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला. नियम असा की सुट्टीनंतर काम मिळण्याची खात्री असेल तर भत्ता नाही. आणि भत्ता नाही मिळाला तर एल्रॉय या मेहुण्याच्या आइस्क्रीमच्या दुकानात कागदी टोपी घालून उभं राहायचं, वर त्याची बडबड ऐकायची. त्यापेक्षा बाईंनी दाढ उपटून घेतली असती.

सुनावणी फोनवर झाली. अधिकारी, बाई आणि शाळेची कारकून व्हर्ना झास्ट्रो अशी तिघं फोनवर होती. बदली शिक्षकांना रोज सकाळी बोलावणं धाडते ती हीच व्हर्ना. सप्टेंबरमध्ये टेशबाईंना बोलावणार का, असं अधिकाऱ्याने तिला विचारलं. ती थंडपणे म्हणाली, सांगता येत नाही, यादीत पुष्कळ जण आहेत, कुणीही चालतं.

हे बाईंच्या जिव्हारी लागलं.

“कुणीही कसं चालेल? थंडीत बॉयलर बंद पडला तेव्हा आठवीच्या पोरांना कोट घालून नाचवत भूगोल कुणी शिकवला? माझ्यावाचून हिची शाळा आठवडाभर चालायची नाही. बोलावणार म्हणजे बोलावणारच मला.”

अधिकारी जरा घुटमळला. “मॅडम, हे तुमच्याच विरोधात जातंय. नोंदवून घेऊ?”

“घ्या. ठळक अक्षरात घ्या.”

भत्ता अर्थातच गेला. जुलैत बाई कागदी टोपी घालून दुकानाच्या खिडकीत उभ्या होत्या, तेव्हा समोर व्हर्ना येऊन ठाकली. दोन गोळ्यांचा कोन मागून तिने तोंडाचा पट्टा सोडला.

“अगं बावळट, तुला पैसे मिळावेत म्हणून तसं बोलले मी. आठवडाभर आरशासमोर घोकत होते. आणि तू सगळ्यावर पाणी फिरवलंस.”

बाईंचा हात थांबला. “म्हणजे कुणीही चालत नाही?”

“तू नाही म्हणालीस तर दुसरा फोन कुणाला करायचा, हेच मला अजून ठाऊक नाही.”

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी कोनावर तिसरा गोळा चढवला. आतून एल्रॉय गुरगुरला, तुझ्या पगारातून कापीन.

“काप,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी चौथा चढवला.